पहिला हेडफोन ॲम्प्लिफायर घरी बांधताना: मोजक्या खर्चात प्रकल्प कसा निवडावा

घरच्या घरी हेडफोन ॲम्प्लिफायर बांधावा असे मनात आले की बहुतेक जण आधी सर्किट शोधू लागतात, आणि निवड तिथेच चुकते. आपल्याकडचा हेडफोन किती व्होल्टेज आणि किती करंट मागतो हे ठाऊक नसेल तर कोणते सर्किट चांगले या प्रश्नाला उत्तरच नसते. म्हणून या लेखाची सुरुवात हेडफोनपासून केली आहे. सर्किट, सुटे भाग आणि डाख यांची पाळी त्यानंतर येते. वाचकाला रेझिस्टर आणि कपॅसिटर ओळखता येतात, शाळेतला ओहमचा नियम आठवतो, पण सोल्डरिंग आयर्न हातात फारसे धरलेले नाही, असे गृहीत धरले आहे. खर्चाची मर्यादा हत्यारांसह साधारण दोन हजार रुपये मानली आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिला प्रकल्प बॅटरीवर चालणारा असावा, त्यात आठ पायांचा एकच ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा छोटा आयसी) असावा, आणि त्यातली प्रत्येक चूक साध्या मल्टिमीटरने सापडण्याजोगी असावी. या तिन्ही अटी पुऱ्या करणारे जुने आणि पुष्कळ बांधले गेलेले सर्किट म्हणजे 'सीमॉय'. चू मॉय यांनी ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले आणि गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावणारा ॲम्प्लिफायर म्हणून ते जगभर पसरले. मात्र ते मूळ रूपात जसेच्या तसे बांधू नये असेही मला वाटते. काय बदलावे आणि का, ते पुढे येईल.

पहिली पायरी: हेडफोनचे दोन आकडे काढणे

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत: इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. इम्पीडन्स म्हणजे हेडफोन करंटला किती विरोध करतो ते, आणि तो ओहममध्ये असतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक शक्तीला किंवा व्होल्टेजला हेडफोन किती मोठा वाजतो ते. ती डेसिबलमध्ये असते, आणि ती एका मिलिवॅटला दिली आहे की एका व्होल्टला, हे नीट पाहावे लागते, कारण या दोन्हींत मोठा फरक पडू शकतो. सेनहायझर एचडी ६५० या ३०० ओहमच्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी १०३ डेसिबल छापलेली आहे, पण ती एका व्होल्टला आहे. मिलिवॅटच्या हिशेबात ती सुमारे ९८ डेसिबल भरते. दोन हेडफोनची तुलना करताना आधी दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत.

आता किती मोठा आवाज हवा ते ठरवावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास सरासरी ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते, आणि रोजचे ऐकणे त्याच्या आतच राहिले पाहिजे. पण संगीतात तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या कितीतरी वर उसळतो. ती उसळी न कापता निघावी म्हणून हिशेबापुरते ११० डेसिबल धरण्याची पद्धत आहे. हा आकडा ॲम्प्लिफायरची क्षमता मोजण्यासाठी आहे. त्या पातळीवर गाणी ऐकायची नसतात.

हिशेब सोपा आहे. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते आणि दर ३ डेसिबलला दुप्पट. शक्ती कळली की तिला इम्पीडन्सने गुणून वर्गमूळ काढले की व्होल्टेज मिळते. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन घेऊ. त्याची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ११० पर्यंत जायला १४ डेसिबल कमी पडतात, म्हणजे २५ मिलिवॅट हवेत. ०.०२५ गुणिले २५० म्हणजे ६.२५, त्याचे वर्गमूळ २.५. म्हणजे अडीच व्होल्ट आणि फक्त १० मिलिअँपिअर. याउलट ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स हा ३५ ओहमचा आणि ९८ डेसिबलचा आहे. त्याला साधारण १६ मिलिवॅट, म्हणजे पाऊण व्होल्ट, पुरतो, पण करंट २१ मिलिअँपिअर लागतो. जास्त ओहमचा हेडफोन व्होल्टेज मागतो आणि कमी ओहमचा करंट मागतो, हे या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते. पुढची सगळी निवड याच एका भेदावर उभी आहे.

तिसरा प्रकार प्लेनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनचा. हायफायमॅन एचई-६ हा ५० ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३.५ डेसिबल. त्याला तोच हिशेब लावला तर साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास शक्ती आणि जवळजवळ १०० मिलिअँपिअर करंट लागतो. असा हेडफोन हाताशी असेल तर या लेखातला कोणताही पहिला प्रकल्प त्याला पुरणार नाही, आणि तो पुरवण्याचा अट्टहासही पहिल्या प्रयत्नात करू नये.

ॲम्प्लिफायरची गरज आहे का, हे तपासणे

मोबाइलचा किंवा त्याच्या सी-टाइप डोंगलचा आउटपुट एक व्होल्ट धरू. पुष्कळ डोंगल या आकड्याच्या आसपास असतात, काही अर्ध्यावर थांबतात. एक व्होल्टवर वरचा ३५ ओहमचा हेडफोन ११० डेसिबलच्या पुढे जातो, म्हणजे आवाजासाठी त्याला ॲम्प्लिफायरची गरज नाही. १६ ओहमच्या इअरफोनला तर पाव व्होल्टही पुरतो. त्याला जास्त गेनचा (सिग्नल कितीतरी पटींनी वाढवणारा) ॲम्प्लिफायर जोडला तर गाण्याआधी आयसीची सळसळच ऐकू येईल. २५० ओहमचा डीटी ९९० मात्र एक व्होल्टवर १०२ डेसिबलला थांबतो. तिथे आठ डेसिबल कमी पडतात, आणि ते भरून काढणे हे आपल्या ॲम्प्लिफायरचे खरे काम आहे.

यावरून कमी ओहमचा हेडफोन असलेल्यांनी प्रकल्प करूच नये असा अर्थ घेऊ नये. शिकण्यासाठी बांधणे हे पुरेसे कारण आहे, आणि काही जुन्या लॅपटॉपच्या किंवा मिक्सरच्या जॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स इतका जास्त असतो की हेडफोनचा बास बदलतो. हा इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा प्रचलित दंडक आहे. ऑप-अँपचा चांगला ॲम्प्लिफायर एका ओहमच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. मात्र 'आवाज दुप्पट होईल' या अपेक्षेने ३२ ओहमच्या हेडफोनसाठी बांधायला बसलात, तर निराशा पदरी पडेल.

दुसरी पायरी: सर्किट ठरवणे

मूळ सीमॉयमध्ये नऊ व्होल्टची एकच बॅटरी असते. दोन सारख्या रेझिस्टरांनी तिचे दोन भाग करून मध्यबिंदूला ग्राउंड (शून्य व्होल्टचा बिंदू) मानले जाते. या रचनेत दोन अडचणी आहेत. हेडफोनमधून परतणारा करंट याच कृत्रिम मध्यबिंदूत शिरतो, त्यामुळे तो थोडा हलत राहतो. शिवाय ऑप-अँपला वर-खाली फक्त साडेचार व्होल्ट मिळतात. एनई ५५३२सारखा आयसी पुरवठ्याच्या दोन्ही टोकांना सुमारे दोन-दोन व्होल्ट सोडतो, म्हणजे उरतात अडीच. डीटी ९९०साठी अडीच व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचे प्रभावी मूल्य), म्हणजे साडेतीन व्होल्टचे शिखर हवे होते. नवी बॅटरीही इथे कमी पडते, आणि बॅटरी सात व्होल्टवर उतरली की उसळी दीड व्होल्टवरच कापली जाते.

दोन बॅटऱ्या वापरल्या की दोन्ही अडचणी जातात. पहिल्या बॅटरीचे ऋण टोक दुसऱ्या बॅटरीच्या धन टोकाला जोडायचे, आणि तो सांधा म्हणजे खरे, घट्ट ग्राउंड. आता अधिक नऊ आणि उणे नऊ व्होल्ट मिळतात, आणि दोन्ही बॅटऱ्या सात व्होल्टपर्यंत उतरल्या तरी पाच व्होल्टचे शिखर निघते. खर्च एका बॅटरीने आणि एका क्लिपने वाढतो. पहिल्या प्रकल्पातला सर्वांत फायदेशीर बदल हाच, असे मी मानतो.

दुसरा बदल गेनचा. मूळ सर्किटमध्ये एक किलोओहम आणि दहा किलोओहमच्या जोडीने अकरापट गेन मिळतो. आजच्या मोबाइलचा एक व्होल्ट अकरापट केला तर अकरा व्होल्ट होतील, आणि तेवढे तर दोन बॅटऱ्यांतूनही निघत नाहीत. परिणाम असा होतो की व्हॉल्यूमचे बटण पहिल्या काही अंशांतच वापरावे लागते, आणि तिथे स्वस्त पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या) डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत, एका कानात आवाज जास्त येतो. दहा किलोओहमऐवजी २.२ किलोओहम घातला की गेन ३.२ पट होतो, आणि २५० ते ३०० ओहमच्या हेडफोनला तो पुरतो. ५० ओहमखालच्या हेडफोनसाठी एक किलोओहमच घालून दुप्पट गेन ठेवावा.

तिसरी गोष्ट आयसीची. इथे थोडे थांबून समजून घ्यावे, कारण नवशिक्यांचे सर्वाधिक बिघाड इथेच होतात. मूळ सर्किट ओपीए १३४ कुटुंबासाठी आखलेले आहे. त्याच्या इनपुटला फेट प्रकारचे ट्रान्झिस्टर असल्याने तिथे जवळजवळ करंट वाहत नाही, म्हणून इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर चालतो. त्याच कुटुंबातला दुहेरी ओपीए २१३४ महाग वाटतो म्हणून त्याच जागी एनई ५५३२ बसवला, तर आवाज येतो, ॲम्प्लिफायर चालल्यासारखा वाटतो, पण आत एक दोष शिरलेला असतो. एनई ५५३२चा इनपुट साधारण २०० नॅनोअँपिअर करंट ओढतो. १०० किलोओहमवर त्याचे २० मिलिव्होल्ट होतात, आणि अकरापट गेनने ते आउटपुटवर २२० मिलिव्होल्ट डीसी बनून हेडफोनच्या कॉइलमध्ये सतत वाहतात. उपाय साधा आहे: रेझिस्टर १०० ऐवजी १० किलोओहमचा घ्यावा आणि इनपुटचा कपॅसिटर ०.१ ऐवजी २.२ मायक्रोफॅरडचा घ्यावा. आता इनपुटवर दोन मिलिव्होल्ट आणि ३.२ पट गेनने आउटपुटवर सहा-सात मिलिव्होल्ट उरतात, ते निरुपद्रवी आहेत. बासची खालची मर्यादाही मूळ सर्किटच्या १६ हर्ट्झवरून सुमारे सात हर्ट्झवर येते.

मग कोणता आयसी घ्यावा? ८० ओहम आणि त्याहून जास्त इम्पीडन्सच्या हेडफोनला वरील दुरुस्तीसह एनई ५५३२ अगदी योग्य आहे. तो स्वस्त आहे, सहज मिळतो, आणि एकपट गेनलाही स्थिर राहतो. त्याचा एकेरी भाऊ एनई ५५३४ तिप्पटीखालच्या गेनला स्थिर राहत नाही, म्हणून तो घेऊ नये. ३२-३५ ओहमच्या हेडफोनला ५५३२ काठावर येतो, कारण शिखराला ३० मिलिअँपिअर लागतात आणि आयसीची स्वतःची मर्यादा साधारण ३८ आहे. अशा वेळी जेआरसीचा ४५५६ए शोधावा. तो ७० मिलिअँपिअरपर्यंत देतो आणि त्याचे पाय त्याच क्रमात आहेत. दुकानात हा आकडा सावकाश उच्चारावा, कारण प्रत्येक गल्लीत मिळणारा जेआरसी ४५५८ हा वेगळा आयसी आहे आणि हेडफोन ओढण्याची त्याची ताकद बेताची आहे. तुम्ही ४५५६ मागाल आणि हातात सवयीने ४५५८ पडेल.

पहिल्या प्रकल्पासाठी काय टाळावे

पीएएम ८४०३ची छोटी बोर्डे फार स्वस्त मिळतात, आणि अनेक नवशिके तीच हेडफोनला जोडतात. या आयसीचा आउटपुट ब्रिज प्रकारचा आहे. स्पीकरच्या दोन्ही तारा त्यात चालत्या असतात आणि कोणतीही ग्राउंडला जात नाही. तीन कप्प्यांच्या हेडफोन पिनमध्ये मात्र डाव्या-उजव्या कानाची एकेक तार आतच एकत्र जोडलेली असते. ती जोडली की दोन चॅनेलांचे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. ही बोर्डे छोट्या स्पीकरसाठी ठेवावीत.

एलएम ३८६ किमान २० पट गेन देतो आणि टीडीए २८२२एम जवळजवळ ९० पट. दोन्ही रेडिओ आणि लहान स्पीकरसाठी उत्तम आहेत, पण हेडफोनवर त्यांची सळसळ लपत नाही.

व्हॅक्यूम ट्यूबचे आकर्षण मला समजते. बॉटलहेड क्रॅकसारखे ट्यूबचे संच नावाजलेले आहेत आणि ३०० ओहमच्या हेडफोनवर छान वाजतात. पण त्यांच्या आत प्राणघातक व्होल्टेज असते आणि बंद केल्यानंतरही ते काही काळ कपॅसिटरमध्ये टिकते. २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डब्यात बसवावा लागेल असा कोणताही प्रकल्प पहिला म्हणून घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. मोबाइलच्या चार्जरवर चालवण्याचा मोहही आवरावा. त्यातून गुणगुण येते, आणि कृत्रिम ग्राउंडचा ॲम्प्लिफायर त्याच पुरवठ्यावरच्या कॉम्प्युटरला जोडला तर दोन वेगवेगळी ग्राउंडे एकमेकांना शॉर्ट करतात.

तिसरी पायरी: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे या यादीतले जवळजवळ सगळे एका फेरीत मिळते. इतर ठिकाणी ऑनलाइन मागवावे लागते, आणि तेव्हा कुरिअरचा खर्च भागांच्या किमतीइतका होऊ नये म्हणून सगळे एकदाच मागवावे. प्रत्येक रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर लागतो त्याच्या दुप्पट घ्यावा. सुटे भाग इतके स्वस्त आहेत की दुसऱ्या फेरीचे बसभाडे त्याहून महाग पडते.

दुकानात 'क्वार्टर वॅट मेटल फिल्म, एक टक्का' असे रेझिस्टर मागावेत. १०० नॅनोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ हा आकडा असतो आणि तो १०४ म्हणूनच मागतात, २.२ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरवर बहुधा २२५ असतो. पुरवठ्यासाठी २५ व्होल्टचे २२० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक हवेत. व्हॉल्यूमसाठी दहा किलोओहमचा दुहेरी, लॉग प्रकारचा पॉट घ्यावा. त्यावर ए अक्षर असेल तर तो लॉग, बी असेल तर लिनिअर, हा पूर्वेकडच्या कंपन्यांचा संकेत आहे. आठ पायांचा आयसी सॉकेट विसरू नये. ३.५ मिलिमीटरचे दोन स्टिरिओ जॅक, बॅटरीच्या दोन क्लिपा, एक छोटा एलईडी आणि त्याला १० किलोओहमचा रेझिस्टर, भोकांचा झीरो पीसीबी, आणि सहा पायांचा डीपीडीटी (दोन तारा एकदम तोडणारा) स्विच. एकेरी स्विच चालणार नाही, कारण तो एकच बॅटरी तोडेल.

महागडा ऑप-अँप अविश्वसनीय स्वस्तात दिसला तर तो सोडून द्यावा. ओपीए २१३४सारख्या आयसींवर पुन्हा नाव छापून विकण्याचे प्रकार जगभर चालतात. खरा एनई ५५३२ खोट्या ओपीएपेक्षा केव्हाही चांगला.

हत्यारांवरचा खर्च मात्र भागांपेक्षा जास्त होऊ द्यावा, ती पुढच्या प्रत्येक प्रकल्पात उपयोगी पडतात. २५ वॅटचे बऱ्यापैकी आयर्न, ६०/४० ची बारीक सोल्डर तार, सोल्डर ओढण्याचा पंप, कटर आणि डीसीला २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरते. पैसे कमी पडत असतील तर डबा नंतर घ्यावा, पॉट साधा घ्यावा, पण मल्टिमीटर टाळू नये. त्याच्याशिवाय ॲम्प्लिफायरला हेडफोन जोडणे म्हणजे अंदाजाने औषध देणे आहे.

चौथी पायरी: जोडणी

आधी कागदावर भोकांच्या चौकटी आखून भाग मांडावेत. आयसीवरची खाच डावीकडे ठेवून वरून पाहिले तर खालच्या ओळीत डावीकडून एक ते चार आणि वरच्या ओळीत उजवीकडून पाच ते आठ असे पाय येतात. एक आणि सात हे आउटपुट, दोन आणि सहा हे उलटे इनपुट, तीन आणि पाच हे सरळ इनपुट, चार उणे पुरवठा आणि आठ अधिक पुरवठा.

प्रत्येक चॅनेलचा मार्ग असा आहे: इनपुट जॅकपासून पॉटच्या एका टोकाला, पॉटच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला, मधल्या पायापासून २.२ मायक्रोफॅरडमधून सरळ इनपुटला. सरळ इनपुटपासून ग्राउंडला १० किलोओहम. आउटपुटपासून उलट्या इनपुटला २.२ किलोओहम आणि उलट्या इनपुटपासून ग्राउंडला एक किलोओहम. आउटपुट थेट हेडफोन जॅककडे. चार आणि आठ या पायांपासून ग्राउंडला एकेक १०४, आणि तो सॉकेटला अगदी खेटून, कारण तो लांब गेला तर ऑप-अँप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर डोलू लागतो आणि विनाकारण तापतो. एलईडी त्याच्या रेझिस्टरसह स्विचनंतरच्या अधिक आणि उणे रेलांमध्ये (पुरवठ्याच्या तारांमध्ये) जोडावा.

इलेक्ट्रोलिटिक लावताना इथे हमखास गफलत होते. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ऋण पायाकडे असतो. अधिक रेलवरचा कपॅसिटर सवयीप्रमाणे बसतो: धन पाय रेलला, ऋण पाय ग्राउंडला. उणे रेलवर मात्र ग्राउंड हाच जास्त व्होल्टेजचा बिंदू आहे, म्हणून धन पाय ग्राउंडला आणि ऋण पाय रेलला जातो. 'ग्राउंड म्हणजे नेहमी ऋण' ही सवय इथे बाजूला ठेवावी.

डाख देताना आयर्नचे टोक पायाला आणि तांब्याच्या कड्याला एकाच वेळी टेकवावे, दोन-तीन सेकंदांनी तार टोकाला नव्हे तर सांध्याला लावावी, आणि सोल्डर पसरली की आधी तार व मग आयर्न काढावे. चांगला सांधा चकचकीत आणि पायाभोवती उतरत्या कडेचा दिसतो. गोळ्यासारखा बसलेला, मळकट सांधा कच्चा असतो आणि तो पुन्हा तापवावा. बुटके भाग आधी, उंच भाग शेवटी. खिडकी उघडी ठेवावी, आणि तारेत शिसे असल्याने काम झाल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पाचवी पायरी: मोजणी, आणि मगच हेडफोन

आयसी सॉकेटमध्ये न बसवता बॅटऱ्या जोडाव्यात. ग्राउंडच्या मानाने आठव्या पायावर अधिक नऊच्या आसपास आणि चौथ्यावर उणे नऊच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन्हींपैकी एकही शून्य असेल तर स्विचची जोडणी तपासावी. आकडे जुळले की स्विच बंद करून, खाच योग्य बाजूला ठेवून आयसी बसवावा आणि पुन्हा सुरू करावा. बोट टेकवून पाहावे: आयसी कोमट लागणे ठीक आहे, चटका बसणे ठीक नाही.

आता आउटपुट जॅकच्या प्रत्येक चॅनेलपासून ग्राउंडपर्यंत डीसी मिलिव्होल्ट मोजावेत. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. दोन्ही चॅनेलांवर सारखेच पन्नास-साठ मिलिव्होल्ट दिसले, तर बहुधा १० किलोओहमच्या जागी १०० किलोओहम बसला आहे. एका चॅनेलवर सात-आठ व्होल्ट दिसले, तर त्या बाजूचा २.२ किलोओहमचा सांधा तुटलेला आहे किंवा सरळ इनपुटचा रेझिस्टर ग्राउंडपर्यंत पोचलेला नाही. ही मोजणी वगळू नये, कारण सात व्होल्ट डीसी २५० ओहमवर जवळजवळ २०० मिलिवॅट होतात, आणि डीटी ९९०ची घोषित क्षमता १०० मिलिवॅट आहे.

त्यानंतर हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा डीसी मोजावे, मग एखादा टाकाऊ इअरफोन लावून गाणे ऐकावे, पॉट पूर्ण फिरवून खरखर आहे का पाहावे, आणि दहा-पंधरा मिनिटे सगळे नीट चालले की मगच चांगला हेडफोन जोडावा.

वापरातला एक नियम या दोन बॅटऱ्यांच्या रचनेतून येतो. एक बॅटरी दुसरीच्या आधी संपली किंवा तिची क्लिप सैल झाली, तर आउटपुट दुसऱ्या बाजूच्या रेलकडे झुकतो आणि हेडफोनला डीसी मिळते. म्हणून आधी ॲम्प्लिफायर सुरू करावा आणि मग हेडफोन लावावा, काढताना हेडफोन आधी काढावा, दोन्ही बॅटऱ्या नेहमी एकाच वेळी बदलाव्यात, आणि त्या एकाच जातीच्या असाव्यात. ५५३२चे साधारण आठ आणि एलईडीचे दीड-दोन मिलिअँपिअर धरले तर अल्कलाइन जोडी तीस-चाळीस तास सहज पुरते. साध्या झिंक-कार्बन बॅटऱ्या स्वस्त असल्या तरी लवकर उतरतात. लिथियमचे सेल पहिल्या प्रकल्पात वापरू नयेत, कारण शॉर्ट झाल्यास ते पेट घेऊ शकतात.

डबा प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा, दोन्ही चालतात. पत्र्याच्या डब्यात पीसीबीखाली जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी, आणि डबा फक्त ग्राउंडला जोडावा. मग मोबाइल जवळ आला तरी गुरगुर कमी होते. भोके पाडल्यानंतर आतला पत्र्याचा कीस ब्रशने झाडून काढावा, एक कण सॉकेटखाली राहिला तरी शॉर्ट होतो.

यानंतरचा प्रकल्प

हा ॲम्प्लिफायर काही आठवडे नीट चालला की पुढचा प्रकल्प म्हणून 'ओ२' घ्यावा. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २०११मध्ये तो मोजमापांसह प्रसिद्ध केला. त्यातही नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, गेनसाठी एनजेएम २०६८ आणि आउटपुटला दोन ४५५६ए आहेत. प्रत्येक चॅनेलला एका ४५५६एचे दोन्ही भाग एकेका ओहमच्या रेझिस्टरने समांतर जोडलेले आहेत, त्यामुळे करंट दुप्पट मिळतो आणि आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमवर येतो. एक बॅटरी उतरली की दोन्ही पुरवठे एकदम तोडणारे सर्किटही त्यात आहे. वर सांगितलेला हेडफोन आधी काढण्याचा नियम त्या सर्किटने बराच सैल होतो. त्याला घरच्या विजेवर चालवायचे तर १२ ते २० व्होल्ट एसी देणारा ॲडॅप्टर लागतो. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर डीसीचे असतात, तेव्हा पीसीबी मागवण्याआधी एसीचा ॲडॅप्टर कुठे मिळतो ते शोधून ठेवावे.